भागी अडू लागली

डॉ. बाळकृष्ण खांबेटे यांच्या घराण्यात देवाच्या खालोखाल मान कुणाला असेल, तर तो एका घोडीला. घोडी मरून दीडशे वर्षं होत आली, पण तिचं कौतुक काही मरायला तयार नव्हतं. डॉक्टरांच्या ओमानमधल्या निझव्यातल्या दवाखान्याच्या पाटीवर तीच, लेटरहेडवर तीच, औषधांच्या कागदी पिशवीवरसुद्धा तीच, शेपटी उंचावून उभी. नाव भागी. डॉक्टरांचे खापरपणजोबा भिकाजीपंत हे इंग्रजी अमदानीत कोकणात गावोगाव हिंडणारे डॉक्टर. पोरांच्या देवी काढायच्या, म्हणजे दंडावर देवीची लस टोचायची, हे त्यांचं मुख्य काम. अकरा वर्षं त्यांनी खाड्या आणि घाट्या तुडवल्या आणि अकरा वर्षं भागीनं त्यांची साथ सोडली नाही. असं डॉक्टर सांगत. येणाऱ्याला सांगत, जाणाऱ्याला सांगत, आणि बीपीचा पट्टा बांधलेल्या पेशंटला तर हमखास सांगत, कारण त्याला उठून जाता येत नसे.

दवाखान्याचा ओमानी भागीदार हसन स्वतः घोडी पाळणारा. त्याला ही गोष्ट फार आवडे. दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून भिकाजीपंतांच्या चरित्राचं देखणं पुस्तक काढायचं ठरलं, त्याचा खर्चही त्यानंच अंगावर घेतला. मुखपृष्ठावर अर्थातच भागी. अडचण एकच होती. भिकाजीपंतांची रोजनिशी मोडी लिपीत होती, आणि मोडी वाचणारं खांबेट्यांच्या घरात कुणी उरलं नव्हतं. आजोबांनी पूर्वी टाइप करून ठेवलेली निवडक तीस पानं, एवढाच काय तो आधार.

मग कुणीतरी सांगितलं, की रेकॉर्ड्सच्या खोलीत बसणाऱ्या अनुसया पवारला मोडी येते. पुण्यात इतिहासात एम. ए. करताना ती शिकली होती. डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"पवार म्हणजे कुठले तुम्ही?"

"रत्नागिरीकडचे, सर."

"अरे वा, म्हणजे आमच्याच मुलखातल्या. गाव?"

तिनं गाव सांगितलं.

"गावात कुठली वाडी?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न काय उकरायला विचारतात ते कळायला एम. ए. व्हावं लागत नाही. "बौद्धवाडी, सर," अनुसया म्हणाली, आणि नजर हलवली नाही.

"अच्छा, अच्छा. आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत हं," डॉक्टर म्हणाले. जसं काही तिनंच विचारलं होतं! वर रोजनिशी तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली. उचलून घ्या, म्हणाले.

अनुसयानं उचलली. दुपारी दीड ते चार दवाखाना बंद असे, तेव्हा ती रेकॉर्ड्सच्या खोलीत वाचत बसे. भिकाजीपंतांचं अक्षर घाईचं होतं; शाई उडालेली, शब्दाला शब्द चिकटलेले. शेजारी ती आजोबांची टाइप केलेली पानं ठेवी. चार दिवस सगळं जुळलं. पाचव्या दिवशी आजोबांच्या पानावर वाक्य आलं: 'भागी खाडीपाशी अडू लागली.' घोडी पाण्याला बुजते, अडते, त्यात नवल काय? पण मुळातल्या शब्दाचं पहिलं अक्षर 'अ' नव्हतं. अनुसयानं भिंग घेतलं, दिव्याखाली धरलं, पान फिरवलं. 'र' होता. भागी खाडीपाशी रडू लागली.

तिनं मागची पानं पुन्हा काढली. आजोबांनी लिहिलं होतं, 'भागी इजला खरारा केला.' मुळात होतं, 'भागी इजला परकर दिला.' आजोबांचं, 'भागीचा डावा पाय सुजला.' मुळातलं, 'भागीचा डावा बाहू सुजला.' आणि आजोबांनी गाळलेल्या एका पानावर तर स्वच्छच होतं: 'म्हारवाड्यातून पोर घेतली. आठवे दिवशी दंड पिकेल तो पुढील गावी उपयोगी पडेल.'

त्या काळी लस बाटलीतून येत नसे. एका पोराच्या दंडावर टोचायचं, आठव्या दिवशी तिथं फोड पिकला की त्यातलं पाणी काढून पुढच्या गावच्या पोरांना टोचायचं. म्हणजे लस न्यायची तर पोरच न्यायला हवं. आणि स्वतःचं पोर फोड फोडून घ्यायला परगावी कोण देणार? ज्याला नाही म्हणायची सोय नाही, तोच. पाटीवर, पिशवीवर, लेटरहेडवर ज्या पोरीला ह्या लोकांनी शेपूट लावली होती, ती अनुसयाच्या वाडीसारख्याच वाडीतली होती. अनुसयाला इतका संताप आला, की रोजनिशी मिटायचंही भान राहिलं नाही. तशीच उघडी घेऊन ती केबिनमध्ये गेली.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला.

"अनुसयाबाई, आमचे आजोबा संस्कृतचे पंडित होते."

"हे मोडी आहे, सर."

"तुम्ही सहा महिन्यांच्या कोर्सवर त्यांच्या चुका काढणार?"

"घोडीला परकर कोण शिवतं?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "मग ती घोडी नसेल. वासरू असेल. वासरांवरही लस वाढवत, मेडिकल हिस्टरीत आहे. कालवड! भागी नावाची कालवड."

"वासराला बाहू असतो?"

"हे बघा," डॉक्टरांचा आवाज चढला, "मला कळतंय तुमचं काय चाललंय ते. तुम्हाला लोकांना जिकडे तिकडे तेच दिसतं. साधी घोडी आहे, तिच्यातसुद्धा तुम्ही जात शोधलीत!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. वाडी विचारली कुणी आणि जात शोधली कुणी?

"मला एक पोरगी दिसतेय, सर. रडणारी. पुस्तकात ती पोरगी म्हणून जायला हवी. मी घोडी लिहिणार नाही."

"तुमचा व्हिसा दवाखान्याच्या नावावर आहे ना?" डॉक्टरांनी अगदी सौम्यपणे विचारलं. "रेकॉर्ड्सला काय, केरळची मुलगी उद्या मिळेल. आणि ऐका. मी डॉक्टर आहे, तुम्ही नाही. एकदा देवी काढली, की त्या मुलाला पुन्हा ती येत नाही. दंड एकदाच पिकतो. आठ दिवस, की खलास! त्यानंतर ते मूल लशीच्या काही कामाचं नाही. आणि भागी अकरा वर्षं होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आता सांगा, कुठली पोरगी अकरा वर्षं चालेल?"

अनुसयानं रोजनिशी मिटली. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "या तुम्ही," म्हणाले.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तानाजी निझव्यातच एका साइटवर इंजिनिअर होता. त्यानं शांतपणे ऐकलं. "मुद्दा तर बरोबर आहे गं त्यांचा," म्हणाला. "अकरा वर्षं कशी? आधी ते शोध, मग भांड. अर्धवट घेऊन गेलीस तर तो तुला फाडून खाईल." ती त्याच्यावरही चिडली. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो.

पुढचे दोन आठवडे तिनं रोजनिशी पहिल्यापासून वाचली, एकेक अक्षर पुसून काढावं तशी. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये भेटले की विचारत, "काय, मिळाली का पोरगी?" रिसेप्शनवरच्या मुलींना गंमत वाटे. तिला 'घोडीवाली मॅडम' हे नाव पडलं. तिची खुर्ची एसीखालून काढून फाइलींच्या रॅकमागे गेली, कुणी काढली ते कुणी सांगेना.

आजोबांच्या पानांवर जागोजागी होतं, 'भागी आंबवली. भागी कोंडिवरे. भागी पालगड.' म्हणजे घोडी आंबवलीला पोचली, कोंडिवऱ्याला पोचली, सरळ अर्थ. पण गावाच्या नावामागे दर वेळी एक बारीक फराटा होता. आजोबांनी तो लेखणीचा झटका समजून सोडून दिला होता. रॅकमागे बसून अनुसयानं असे चाळीस फराटे एकाखाली एक उतरवले, आणि मग तिला तो वाचता आला. तो 'ची' होता.

भागी आंबवलीची. भागी कोंडिवऱ्याची. भागी पालगडची.

देवी काढायचा हंगाम थंडीतल्या तीन-साडेतीन महिन्यांचा; त्यात दर आठ-दहा दिवसांनी गाव बदलत होतं. 'सोडली' असा शब्द येई, आणि पुढच्या ओळीत पुन्हा भागी. एके ठिकाणी भिकाजीपंतांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: 'नावे ध्यानी राहात नाहीत, सबब सर्वांस भागी म्हणतो.' दोन ठिकाणी 'सोडली'च्या जागी 'वारली' होतं.

अनुसया एका पोरीसाठी भांडत होती. तिनं मोजल्या तेव्हा एकशे सत्तावीस भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केबिनमध्ये गेली तेव्हा टेबलावर पुस्तकाचं मुखपृष्ठ छापून आलेलं होतं. चित्रकारानं भागीला पांढरी केली होती, कपाळावर चांदणी, मागे नारळीची झाडं.

"सर, तुम्ही बरोबर होतात," ती म्हणाली. "दंड एकदाच पिकतो. कुठलीच पोरगी अकरा वर्षं चालणार नाही." तिनं रोजनिशी उघडून ठेवली आणि शेजारी आपली वही. "म्हणून दर आठ दिवसांनी नवी."

डॉक्टरांना मोडी येत नव्हती, पण वही देवनागरीत होती. ते वाचू लागले. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्याला त्यांचा चेहरा बदलला. डॉक्टर माणूस, आठ दिवसांचा हिशेब त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती; तो त्यांनीच घातलेला होता. अनुसयाला वाटलं, आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल.

"ही वही इथे ठेवा," डॉक्टर म्हणाले. "रोजनिशीही. आणि उद्यापासून येऊ नका."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर सुंभही जळायला तयार नव्हता!

"वहीचे फोटो आहेत माझ्याकडे."

"ठेवा फोटो. कोण वाचणार? पुस्तक माझं आहे, खापरपणजोबा माझे आहेत, आणि ती घोडी आहे. ती घोडीच राहील!"

तेवढ्यात दार उघडून हसन आत आला. उंच, पन्नाशीचा, अंगात पायघोळ पांढरीशुभ्र दिश्दाशा, अत्तराचा वास. हसनला हिंदी उत्तम येई. त्यानं सलाम केला आणि मुखपृष्ठ दिसताच सरळ टेबलापाशी गेला. "माशाल्ला," म्हणाला. चित्रातल्या घोडीच्या मानेवरून त्यानं बोट फिरवलं, खऱ्या घोडीला थोपटावं तसं. मग घोडी पाळणारा अरब माणूस घोडी बघून जे पहिलं विचारतो, तेच त्यानं विचारलं.

"बिंत मिन? किस की बेटी थी, डॉक्टर? माँ का नाम तो लिखा होगा."

"बहुत ऊँचे खानदान की थी," डॉक्टर तत्काळ म्हणाले. "असली नस्ल."

असली नस्ल! अनुसयाची नोकरी गेलीच होती, आता गिळायचं काय शिल्लक होतं?

"घोड़ी नहीं थी, अर्बाब," ती हसनला म्हणाली, तिकडे मालकाला म्हणतात तसं. "लड़कियाँ थीं. छोटी छोटी. ग़रीबों की. उनके हाथ में बीमारी का दाना उगाते थे और गाँव गाँव ले जाते थे, दूसरों के बच्चों को टीका देने. एक सौ सत्ताईस. सब को भागी बुलाते थे."

हसनचं बोट घोडीच्या मानेवर होतं. ते त्यानं उचललं. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. तो डॉक्टरांकडे पाहत होता.

"ये औरत नौकरी से निकाली गयी है," डॉक्टर म्हणाले, "इसलिए—"

"डॉक्टर. लड़कियाँ थीं?"

डॉक्टरांनी वहीकडे पाहिलं, मग दाराकडे. दार बंद होतं. "उस ज़माने में यही तरीका था," ते चिडून म्हणाले. "सब जगह. इंग्लंड में भी! हज़ारों बच्चे बचे हैं उससे, हज़ारों. तुम लोगों को क्या मालूम."

"मैं तरीका नहीं पूछता," हसन म्हणाला. त्यानं मुखपृष्ठ डॉक्टरांच्या बाजूला सरकवलं. "इस पर से मेरा नाम निकालो. और जो पूछा वो बताओ. किस की बेटियाँ थीं?"

डॉक्टरांनी वही पुढे ओढून पानं शेवटपर्यंत उलटली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "लिखा नहीं है."

त्या पोरी होत्या, हेच त्यांच्या तोंडून ऐकायला अनुसया दोन आठवडे भांडली होती. आता ऐकलं, आणि तिला आनंद शोधूनही सापडेना. गावं होती, तारखा होत्या, दंड कधी पिकला ते होतं, कोण वारली तेही होतं. आईबाप मात्र एकीच्याही नावापुढे नव्हते, आणि ह्या एका गोष्टीत डॉ. खांबेटे अक्षरशः खरं बोलले होते.