हवालदाराने निवडलेली रायफल

मांडवगण फराट्यात रखमाजीला सगळे हवालदार म्हणत. हे नाव त्याने स्वतः कधी घेतलं नव्हतं, पण कुणी हाक मारली तर ओ मात्र देत आला होता. दौंडच्या राखीव पोलिसांच्या कॅम्पात सगळी नोकरी झाली, सुट्टीवर खाकी पँट घालून यायचा, आवाज खणखणीत. एवढ्यावर गावाने त्याला हवालदार करून टाकलं. त्यात एका दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या दिवशी, एका जवानाने गंमत म्हणून आपली रायफल त्याच्या हातात दिली होती आणि फोटो काढला होता. तो फोटो पुढच्या खोलीत लागला आणि गावाला आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

खरं असं होतं की रखमाजी कॅम्पाच्या मेसमध्ये आचारी होता. हे गावात फक्त त्याच्या बायकोला, धुरपदाला ठाऊक होतं. तीही कुणाला बोलली नव्हती. नवऱ्याचा फुगा आपण कशाला फोडायचा, अशी तिची रीत.

निवृत्त होऊन गावी आल्यावर पारावर चार माणसं बसली की बंदुकांचा विषय निघायचाच. बिबट्या दिसला म्हणून, नाहीतर कुणाच्या लग्नात बार काढला म्हणून. रखमाजी मेसमध्ये जेवण वाढता वाढता जवानांच्या तोंडून जे ऐकलं होतं ते सांगायचा. नळी, घोडा, खांद्याला टेकवायचा कुंदा, दम कसा धरायचा. सांगता सांगता त्याला स्वतःलाच कधी कधी खरं वाटायचं.

एक दिवस त्याचा पुतण्या पोपट पोरीला घेऊन आला. समृद्धी दौंडच्या कॉलेजात अकरावीला होती. तिथल्या खेळाच्या शिक्षिका जस्मिन मॅडम यांनी तिला एअर रायफल शिकवली होती आणि पोरीचा नेम बघून त्या हरखल्या होत्या. कॉलेजात रायफली दोनच, पोरी ढीगभर. दिवाळीनंतर शिरूरला स्पर्धा होत्या. समृद्धीला स्वतःची रायफल घ्यावी, असं मॅडमचं म्हणणं.

"मॅडम म्हनत होत्या, मी येते पुन्याला दुकानात," पोपट म्हणाला. "म्या म्हनलं, कशाला तरास घेता? आमच्या घरात हवालदार हायेत. जल्म बंदुकीत गेला त्यांचा. आबा, तुमीच चला आन् पोरीला नीट बघून घिऊन द्या."

'मला त्यातलं कळत नाही' हे वाक्य रखमाजीच्या जिभेपर्यंत आलंही होतं. पण समृद्धी त्याच्याकडे अशा काही विश्वासाने बघत होती की ते तिथेच विरघळलं.

"जाऊ की," तो म्हणाला. "त्यात काय एवढं."

ते गेल्यावर धुरपदा भांडी घासता घासता म्हणाली, "डाळ किती शिजली ते सांगाल तुमी. बंदुकीचं काय सांगनार?"

"गप ऱ्हा," तो म्हणाला. पण आवाजात खणखणीतपणा नव्हता.

दौंडहून सकाळच्या गाडीने तिघे पुण्याला गेले. दुकानदार साठीचा, शांत माणूस होता. पोपटने आत पाऊल टाकल्या टाकल्या सांगून टाकलं, "हे आमचे चुलते. राखीव पोलिसात हवालदार व्हते." दुकानदाराने अदबीने खुर्ची पुढे केली.

"कशासाठी हवी? नुसती सरावाला, का स्पर्धेला?"

"सगळ्याला चालंल अशी," रखमाजी म्हणाला. "पयलीच घेतोय. एकदा घेतली की पुन्हा बघायला नको."

दुकानदाराने तीन-चार रायफली टेबलावर मांडल्या. त्यातली एक साधी, काळ्या कुंद्याची होती. कुंदा मागे-पुढे सरकवून हाताच्या मापाला बसवता येत होता आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच होता. समृद्धीने ती उचलली, सहज डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला. तिचा चेहराच बदलला.

"आबा, ही बसतीय बघा."

रखमाजीने तिच्याकडे पाहिलं. त्याला ती रायफल खेळण्यातली वाटली. शेजारची दुसरी मात्र भारदस्त होती. अक्रोडी रंगाचा लाकडी कुंदा, गालासाठी कोरलेला खोलगट भाग, पितळी कडी. फोटोतल्या रायफलीसारखीच जड.

"ही बघ. बंदूक म्हंजी अशी असती."

"पण हिचा गाल दुसऱ्या बाजूनं हाय," समृद्धी हळूच म्हणाली. "मी डाव्या खांद्याला लावते. मॅडम म्हणतात, माझा नेमाचा डोळा डावा हाय."

दुकानदारही म्हणाला, "डावरी असेल तर हा कुंदा नडेल, साहेब. हा उजव्याच्या मापाने कोरलाय."

इथे रखमाजीला थांबता आलं असतं. पण दुकानदाराने त्याला साहेब म्हटलं होतं आणि पोपट कौतुकाने बघत होता.

"डाव्याची खोड आत्ताच मोडाय पायजे," तो म्हणाला. "आमच्या कॅम्पात शेकड्यानं जवान बघितलेत म्या. समदे उजव्या खांद्याला लावनार. हिलाबी सवय हुईल."

हवालदारापुढे आपण काय बोलणार, अशा अर्थाने मान हलवून दुकानदार बाजूला झाला. पुढचं रखमाजीने झपाट्याने उरकलं. वर बसवायला मोठी दुर्बीण. पुढे टेकवायला दुपायी. खांद्याला अडकवायला कातडी पट्टा. "स्पर्धेत दुर्बीण चालत नाही बरं का, तिथे उघड्या नेमाने मारावं लागतं," असं दुकानदार सांगत होता. तर रखमाजी म्हणाला, "ते आमी बघू." पावतीही त्याने आपल्याच नावाने करून घेतली. समृद्धीने काळी रायफल पुन्हा एकदा हातात घेतली आणि खाली ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद होतं. पोपटच्या अंगणात रायफल दुपायीवर मांडली गेली आणि बघायला निम्मी आळी लोटली. जो तो दुर्बिणीला डोळा लावून नदीपलीकडचा विजेचा मनोरा बघायचा आणि म्हणायचा, "हवालदारानं काम केलं खरं." रखमाजी खुर्चीत बसून मान डोलवायचा.

समृद्धी कांद्याच्या चाळीच्या भिंतीला कागद लावून सराव करायची. उजवा डोळा लावला की तिला दोन-दोन दिसायचं. डावा डोळा झाकायला तिने कपाळावरून रुमाल बांधला. मान आखडली. खांद्याला तो जड कुंदा पेलवायचा नाही, म्हणून ती दुपायीवर टेकवूनच मारायची.

"आबा, जमत न्हाई वो मला उजव्यानं," एकदा ती म्हणाली.

"हुईल सवय," तो म्हणाला आणि उठून घरी गेला. वाटेत त्याला स्वतःच्या पावलांचीही लाज वाटत होती. पण ही लाज त्याने अजून कुणाला दाखवली नव्हती.

शिरूरच्या स्पर्धेला तो इस्त्रीचे कपडे घालून गेला. न जाऊन चाललं नसतं, पोपटने गाडीत पुढची जागा त्याच्यासाठी ठेवली होती. हॉलच्या दाराशी एका टेबलावर रायफलींची तपासणी चालू होती. तिथल्या माणसाने समृद्धीची रायफल उचलली आणि हसू दाबत म्हणाला, "ताई, दुर्बीण काढा. दुपायीपण. उभं राहून मारायचंय, शिकारीला नाही आलो आपण." मागच्या रांगेतल्या पोरी खुदकन हसल्या. समृद्धीने मान खाली घालून एक-एक वस्तू सोडवली आणि पोपटच्या हातात दिली. कॉलेजच्या दोन्ही रायफली त्याच फेरीतल्या दुसऱ्या पोरींकडे होत्या, त्यामुळे बदलायलाही काही नव्हतं.

तिचे छर्रे कागदभर विखुरले. दोन तर कागदालाही लागले नाहीत. शेवटी शेवटी रखमाजीने नजर फिरवली आणि छताच्या पंख्याकडे बघत बसला.

बाहेर आल्यावर जस्मिन मॅडम तिच्याजवळ आल्या. सडसडीत, करड्या केसांच्या बाई. त्यांनी रायफल हातात घेतली, कुंदा उलटसुलट करून पाहिला.

"समृद्धी, ही उजव्याची आहे. तुला माहीत होतं ना तुझा डोळा कुठला ते? कुणी निवडली ही?"

रखमाजी हातभर अंतरावर उभा होता.

"मीच, मॅडम," समृद्धी म्हणाली. "मला दिसायला आवडली."

पोपट गडबडून म्हणाला, "आबा व्हते की संगं. मॅडम, हे आमचे चुलते, राखीव पोलिसातले हवालदार."

मॅडमनी रखमाजीला नमस्कार केला. "तुम्ही होतात? मग तुम्ही तिला सांगितलं असेलच, की डाव्याला हा कुंदा चालत नाही."

सगळे त्याच्याकडे बघत होते. समृद्धी मात्र बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

"व्हय," रखमाजी म्हणाला. "सांगितलं व्हतं."

मॅडमचा चेहरा कठोर झाला. "म्हणजे इतकं जाणतं माणूस सोबत असताना तू हट्ट केलास? दिसायला छान म्हणून? मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

समृद्धीने एकदाच वर पाहिलं. मॅडमकडे नाही, रखमाजीकडे. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिथे नुसतं आश्चर्य होतं. मग ती म्हणाली, "चुकलं, मॅडम," आणि गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर न्हावऱ्याला पोपटने चहाला गाडी थांबवली. रखमाजी उतरला नाही. काचेतून त्याला समृद्धी दिसत होती, बापापासून लांब, कप तसाच हातात धरून उभी. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. लगेच वाटलं, तेही खोटंच. मरायचं नव्हतं त्याला, फक्त तिच्या नजरेसमोर राहायचं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने ताटाला हात लावला नाही. धुरपदाला सगळं सांगितलं, शेवटच्या 'व्हय'सकट. तिने ताट झाकून ठेवलं.

"बंदूक चुकली, ते चालायचं," मग ती म्हणाली. "पन पोरीनं तुमाला झाकलं आन् तुमी तिलाच उघडं पाडलं. मला कशाला सांगता? तिला जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोपटच्या अंगणात गेला. पोपट दुधाच्या किटल्या धूत होता, समृद्धी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. रखमाजीने बसायचं नाकारलं.

"पोपट, मी हवालदार नव्हतो," तो म्हणाला. "कवाच नव्हतो. मेसमधी आचारी व्हतो. बंदूक म्या आयुष्यात एकदाच हातात धरली, फोटूपुरती. पोरीला साधी पायजे व्हती, तिनं सांगितलं व्हतं मला, दुकानदारानंबी सांगितलं. म्या ऐकलं न्हाई. आन् काल मॅडमपुढं मी खोटं बोललो."

पोपट किटली हातात धरून नुसता उभा राहिला. त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याचं तोंड लाल झालं.

"आवं, आचारी आसता तर काय बिघडलं आसतं? म्या मॅडमला नगं म्हनलं तुमच्या जिवावर! गावभर सांगत फिरलो!" किटली त्याने दणकन खाली ठेवली. "आन् माझ्या पोरीला चारचौघांत बोलनी खावी लागली."

रखमाजीने मान हलवली.

समृद्धी पुस्तक मिटून म्हणाली, "आचारी हाय हे घरी सांगितलं न्हाई ते ऱ्हाऊ द्या, आबा. पण तिथं मॅडमपुढं तरी खरं बोलायचं होतं. मी काही मागितलं नव्हतं तुमाला. ते जमत नव्हतं तर नुसतं गप बसला असता तरी चाललं असतं." आणि ती आत निघून गेली.

रखमाजी घरी न जाता तसाच दौंडच्या एसटीत बसला. जस्मिन मॅडम कॉलेजच्या मैदानावर पोरींना पळवत होत्या. त्यांनी त्याला सावलीला बसायला सांगितलं, पण त्याला भीती होती की बसलो तर धीर सुटेल. पोरींच्या देखतच तो बोलला. मॅडमनी शिट्टी वाजवून पोरींना पाणी प्यायला पाठवलं, तेही थोडं उशिराच.

"मी तिला काय काय बोलले," त्या म्हणाल्या. रखमाजीला वाटलं होतं, त्या चिडतील. पण त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि ते बघणं त्याला जास्त जड गेलं. "रविवारी मी तिला दुकानात घेऊन जाते. तुम्हीही या. पावती तुमच्या नावावर आहे."

रविवारी दुकानदाराने त्याला ओळखलं. "या, हवालदारसाहेब."

"हवालदार न्हाई," रखमाजी म्हणाला. "आचारी हाय मी. त्या दिवशी तुमचं ऐकाय पायजे व्हतं. आता मला काय विचारू नका, पोरीला विचारा."

दुकानदार गोंधळला, मग त्याने टेबल पुसून घेतलं आणि समृद्धीसमोर रायफली मांडल्या. तिने घाई केली नाही. काळी रायफल डाव्या खांद्याला लावली, कुंदा दोन बोटं आत घेतला, पुन्हा लावली. पुढची नेमाची माशी बारीक हवी का जाड, हे तिने मॅडमला विचारलं आणि त्यांनी सांगितलेलं न घेता दुसरी घेतली. मॅडम हसल्या. पट्टा तिने घेतला नाही. एक साधी जाड कापडाची पिशवी आणि दोन डब्या छर्रे घेतले. दुकानदाराने जुनं सामान कमी भावात परत घेतलं आणि जो फरक पडला तो रखमाजीने भरला. त्यावर कुणी आभार मानले नाहीत आणि त्याला ते बरोबरच वाटलं.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. पारावर आता 'हवालदार' म्हणून हाक आली की मागून खसखस पिकायची. पोपटने तर त्यानंतर बरेच दिवस त्याच्या घरची पायरी चढली नाही. पण ते सगळं पुढचं.

त्या रविवारी परतीच्या गाडीत मॅडम खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. समृद्धी समोरच्या बाकावर, पिशवी मांडीवर आडवी धरून. केडगाव मागे पडलं. मग तिने बाहेर बघतच विचारलं,

"कॅम्पात कितीजणांचा सैपाक असायचा?"

रखमाजी दचकला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला त्याने कुणाला जागाच ठेवली नव्हती.

"बंदोबस्त नसला तर पाचशे," तो म्हणाला. त्याची मान खालीच होती. "डाळ पहाटं टाकावी लागायची. मोठं पातेलं, दोघांनी धरायचं. करपली तर समद्यांची उपासमार, म्हनून मी तिथनं हलायचो न्हाई."

तो थांबला. पुढे सांगावं की नाही, हे त्याला कळेना.

"मग?" समृद्धी म्हणाली.

तो सांगू लागला. ती ऐकत होती. हसली मात्र नाही.