आईपासून लपवलेलं दुखणं

चार दिवस आईचं पोट साफ झालं नव्हतं. पोट फुगून टणक झालं आणि प्यालेलं पाणीसुद्धा उलटून पडू लागलं, तेव्हा थोरल्या मुलाने तिला दवाखान्यात आणलं. कारखान्यात लेथवर काम करणारा हा माणूस. लोखंडातला केसभर फरक त्याला दिसे, पण सहा महिन्यांत आई अर्धी झाली हे दिसलं नव्हतं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ वाढून वाट बंद झाली होती. आजार यकृतातही पसरला होता.

"वाट आजच मोकळी करायला हवी," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन केलं तर पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल. नाहीतर खालून दुर्बीण घालून गाठीत जाळीची नळी बसवू, स्टेंट म्हणतात तिला. ती आत उलगडते आणि वाट होते. आजार त्याने बरा होणार नाही. क्वचित आतडं फाटतं, नळी पुन्हा बुजूही शकते."

"नळीच बसवा. पण आईला सांगू नका. सूज आहे म्हणा. तिचा धीर सुटेल."

"त्यांचा की तुमचा?"

"तुम्हाला बोलायला काय जातंय, बाई?"

बाई रागावल्या नाहीत. "माझ्या वडिलांपासून आम्ही लपवलं होतं. मला बरं का वाटत नाही, असं ते शेवटपर्यंत विचारत राहिले. आम्ही खाली बघत राहिलो. तुमच्या आई शुद्धीवर आहेत. पोट त्यांचं, संमतीची सहीही त्यांचीच."

पोटात साचलेलं बाहेर काढायला आईच्या नाकातून नळी घातली होती. तो स्टुलावर टेकला. "आई, जरा सूज आहे आतड्याला..."

"सूज तर तुझ्या तोंडावर दिसतेय," आई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "सहा महिने रक्त पडतंय मला. मूळव्याध असेल म्हणून गप्प राहिले. मुलाला असलं कसं सांगायचं?"

त्याला भडभडून आलं. त्याने सगळं सांगून टाकलं. आई बराच वेळ तोंड फिरवून रडली. नंतर तिने एवढंच विचारलं, "नळी बसवली तर घरी जाता येईल?"

"बहुतेक येईल."

"मग नळीच. आणि धाकटीला बोलव. लग्नावरून भांडून गेली, सहा वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. मला वाटायचं, बघू पुढे कधीतरी."

तो हादरला! सूज म्हणून वेळ मारून नेली असती, तर आई 'कधीतरी'च्या भरवशावर राहिली असती.

नळी बसली. दुसऱ्या दिवशी पोट उतरलं आणि आई घोटघोट सूप प्याली. संध्याकाळी धाकटी आली. मायलेकी दार लोटून बसल्या. त्यांच्यात काय बोलणं झालं ते त्याला कधी कळलं नाही.

आई पुढे पाच महिने जगली. शेवटचा महिना फार यातनांचा गेला. पण तिला खोटं कोणी बोललं नाही.

मंडळी, शौचातून रक्त पडलं तर लाजेपोटी गप्प बसू नका, वेळेवर तपासून घ्या. आणि ज्याचं दुखणं आहे त्याला ते खरं कळू द्या. उरलेल्या दिवसांत काय करायचं, हे त्याचं त्याला ठरवायचं असतं.