सावलीचा नकाशा

शिंपीणबाईंनी सुई पवनचक्कीच्या इंजिनिअरच्या हातात दिली आणि खिडकीत ठेवलेला टेबलफॅन एक नंबरवर सुरू केला.

"ओवा."

सकाळचं ऊन पात्यांमधून मशीनवर येऊ लागलं. उजेड, सावली, उजेड, सावली. इंजिनिअरने दोऱ्याचं टोक ओलं केलं, डोळे बारीक केले. तीनदा दोरा सुईच्या बाजूने निघून गेला. चौथ्यांदा त्याने सुई खाली ठेवली.

"पण पवनचक्कीची सावली तुमच्याकडे वर्षातून चाळीसच दिवस येईल. तीही सकाळी."

"चाळीस दिवस कुठले?"

त्याने फाईल उघडून तारखा वाचल्या. त्या शाळा उघडण्याआधीच्या होत्या.

"म्हणजे गणवेशांचे," बाई म्हणाल्या. "निळ्या कापडावर निळी शिवण. दहानंतर समोरच्या इमारतीआड ऊन जातं. पवनचक्की नको असं मी बैठकीतही म्हटलं नाही, साहेब. वीज मलाही हवी आहे. जागा ठरवताना विचारा, एवढंच म्हटलं. तेव्हा तुम्ही माझं म्हणणं लिहून घेतलंत आणि पान उलटलंत."

इंजिनिअर ओशाळला. त्याने पंखा बंद केला, नकाशा कापायच्या टेबलावर पसरला आणि बराच वेळ पट्टी सरकवत राहिला. शेवटी टेकडीवरची खूण खोडून त्याने थोडी उत्तरेला नवी केली.

"आता तुमचं घर सुटतं. सावली या घरावर जाते. तिथून कुणाची हरकत आलेली नाही."

बाईंनी वाकून पाहिलं. मागच्या गल्लीतलं, जिन्याचं घर. मोठ्या जावेचं. सासऱ्यांच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघींचं बिनसलं, त्याला सहा वर्षं झाली होती. वाटेत समोरासमोर आल्या तरी एकमेकींकडे पाहत नसत.

"हरकत कशी येईल? ती दवाखान्यात रात्रपाळी करते. सकाळी घरी येऊन झोपते. तुमची बैठक होती अकराला."

"नियमाने हरकतीची मुदत संपली आहे," इंजिनिअर हळूच म्हणाला. "आणि त्यांनी नको म्हटलं तर खूण परत तुमच्याकडे येऊ शकते."

बाईंनी मशीनवरचा अर्धा शिवलेला सदरा उचलला, त्याची कॉलर उगाच दोनदा सरळ केली आणि घडी घालून ठेवला. मग नकाशा गुंडाळून काखेत मारला.

"आली तर परत भांडू. चला."

जिना चढून त्यांनी कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. जावेच्या गालावर उशीचे वळ होते.

"जाऊबाई," शिंपीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली. "टेकडीवर पवनचक्की होते आहे. तिची सावली सकाळी तुमच्या खिडकीत फिरणार. तुमच्या झोपेच्या वेळेला. तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. हे साहेब विचारायला आलेत."

जावेने आधी इंजिनिअरकडे पाहिलं, मग काखेतल्या गुंडाळीकडे.

"तुमच्याकडे नाही का पडत?"

"पडत होती."

जाऊ दारातून बाजूला सरली.

"या, साहेब."

इंजिनिअर आत गेला. शिंपीणबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत खिडकीचा जाड पडदा सरकल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बाहेर काय उभी राहिलीस?" आतून जाऊ म्हणाली. "नकाशा तुझ्याकडे आहे ना?"