चेरीच्या रंगाची गाडी

आक्का आणि तिचा धाकटा भाऊ एका घरात राहत, पण दोघांत विस्तव जात नव्हता. आईवडील गेल्यापासून सगळं घर आक्काच ओढत होती आणि हा आयतं गिळून तोंड फिरवून बसायचा. काही सांगायचंच झालं, तर दोघं भिंतीकडे बघून बोलत.

आक्काच्या सुटकेची एकच वाट होती, शेडमधली वडिलांची गाडी. महायुद्धानंतरची अमेरिकन सेडान, लांबलचक, फिकट हिरवी, जागोजागी पोपडे निघालेली. ती विकली, की आपल्या वाट्यातून वेगळी खोली घ्यायची आणि या घराचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. जुन्या गाड्या जमवणारं एक गिऱ्हाईकही मिळालं. त्यांचा फोन धाकट्याने उचलला आणि भिंतीला एवढंच सांगितलं, "रविवारी येतायत."

आक्काने पेंटर बोलावला. त्याने पत्रा घासघासून गाडी चेरीच्या रंगाची केली. धाकटा रोज चहाचा कप घेऊन शेडच्या दारात उभा राहायचा. नजर लावतोय मेला, असं तिला वाटायचं.

रविवारी गिऱ्हाइकाने गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"हे काय करून ठेवलंत? कारखान्यातला मूळ रंग हवा होता मला! रंगवलेल्या ढिगानं आहेत माझ्याकडे. धूळसुद्धा पुसू नका, असं फोनवर बजावलं होतं ना?"

"कुणाला बजावलंत?"

त्यांनी धाकट्याकडे बोट दाखवलं आणि ते निघून गेले.

घरात आल्यावर, कैक महिन्यांत पहिल्यांदाच, आक्का भिंत सोडून भावाकडे बघून बोलली. "अर्धी गाडी तुझीही होती ना रे? आपलं नाक कापून मला अपशकुन केलास?"

"तू गेली असतीस, तर माझं कोणी केलं असतं?" त्याला लाजसुद्धा वाटली नाही. स्टूल ओढून तो टेबलाशी बसला. "चल, वाढ आता. भूक लागलीय."

आक्काच्या अंगाची लाही झाली. तिने एकच ताट घेतलं, स्वतःला वाढलं आणि त्याच्यासमोर बसून शेवटच्या घासापर्यंत जेवली. भांड्यात उरलेलं तिने त्याच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलं.

"मी इथंच राहावं म्हणतोस ना? राहते की," ती म्हणाली. "स्वयंपाक मात्र आजपासून एकीपुरताच होईल."