तांबड्या खुणा

"तांबडी खूण कुठी गेली बे?"

भगवंतरावांनी ते नवं बुटकं आसन उलटं केलं, आडवं केलं. चष्मा कपाळावर सारून चारही पायांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. बाभळीचं लाकूड तेल पिऊन तुळतुळीत झालेलं. खूण मात्र एकही नाही.

उद्धव सुतारानं हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. "टोकं कापली ना बापू. वाळलं का लाकूड टोकाले तडकते. तेवढं कापाच लागते."

"म्हंजे म्या जिथी खूण केली, थोच भाग तू कापला!"

"तुमी टोकालेच रंग लावला, त्याले मी काय करू?"

बाभूळ त्यांच्या बांधावरची. गेल्या वर्षी वादळात आडवी झाली, तेव्हा नांदुऱ्याच्या आरामशीनवर लाकूड चिरून फळ्या पडेपर्यंत भगवंतराव उन्हात उभे होते. मध्येच पातं किंचाळलं. लाकडाच्या पोटात जुना खिळा निघाला. मशीनवाल्यानं शिव्या घातल्या. यांनी कान मिटले, डोळे उघडे ठेवले. सुताराकडे गेलेलं लाकूड बदलून येतं, असं वडील सांगून गेले होते. म्हणून रोहिणखेडात उद्धवच्या छपरीत उतरवण्याआधी सातही फळ्यांच्या दोन्ही टोकांना त्यांनी तांबडा रंग फासला. फळ्या वर्षभर वाळल्या. काम सुरू झालं तसे भगवंतराव रोज येऊन तिथल्या ओंडक्यावर बसू लागले. चार वाजता उद्धव चहा सांगायचा. चहा प्यायचे, पण नजर करवतीवर.

हा सगळा खटाटोप विमलबाईंच्या गुडघ्यांपायी. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती. कुरडयांच्या दिवसांत बाया अंगणात जमायच्या आणि विमलबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर, एकट्या.

"देवीवानी वरते बसोलं मले," त्या म्हणायच्या. "समद्या गोठी माह्या पायाखालून जातेत."

उद्धवनं आधी कागद घेतलाच नाही. घरी येऊन नुसता बसला. काकू उठतात कशा, बसतात कशा, बघत राहिला. "काकू, उठतानी कोणता हात टेकता?" मग विटा रचून त्यावर त्यांना बसवलं, एक वीट काढली, पुन्हा अर्धी ठेवली. पेटीच्या पट्ट्यांचा सांगाडा केला, तो डुगडुगला, मोडला, दुसरा केला. शेवटी ठरलं ते ना पाट, ना खुर्ची. वीतभर आणि चार बोटं उंच. उजवीकडे उठताना भार द्यायला एकच लांब हात. डावी बाजू उघडी, सूप घ्यायला.

भगवंतराव हे दारातून पाहायचे. सुताराला बाईच्या हाताशी काय करायचं? एकदा पाण्याचा तांब्या घेऊन आले, तर दोघं बोलता बोलता थांबले. चूप काऊन झाले? तो काटा तेव्हापासून सलत होता.

उद्धव आत गेला. पोतं आणून उपडं केलं. तांबड्या टोकांचे तुकडे खडखडत पडले.

"मोजा."

भगवंतरावांनी मोजले. चौदा. "टोकं माही हायेत. पन हे आसन कायचं हाये, त्याचा काय भरोसा?"

उद्धवनं आसनाच्या हातावरून फडकं फिरवलं. त्यानं आसन उचलून ऑटोत ठेवलं. "काकूले बसवा आंधी."

भगवंतरावांनी तुकडे परत पोत्यात भरून घेतले. चार वाजून गेले होते. चहा आला नाही.

अंगणात कुरडयांचा चीक शिजत होता. विमलबाई आसनावर टेकल्या आणि त्यांचा खांदा शेजारणीच्या खांद्याला लागला. उजवा तळवा लाकडावर सरकत गेला, रुपयाएवढ्या निळ्याकाळ्या डागावर थांबला. त्या हसल्या.

"अहो, हा गठुड्याचा खिळा!"

"कोनता?"

"इसरले? माही भाकर कुत्रे नेत होते, म्हून गठुडं टांगाले तुमीच ठोकला होता बाभळीले. उद्धव डागाची फळी टाकून देत होता. म्हटलं, नको बाबू, माह्या हाताखाली राहू दे. अन् तुमाले सांगू नको म्हटलं. तुमी हासान."

आरामशीनचं ते किंचाळणं भगवंतरावांच्या कानात पुन्हा उठलं. तीस वर्षं लोखंड बाभळीच्या अंगात मुरलं होतं. असा रंग कुणाला फासता येत नाही.

विमलबाईंनी सूर धरला,

बांधाची गं बाभूळ, तिच्या अंगभर काटे,
धन्याच्या भाकरीचे तिले ठाऊक गं वाटे.

बायांनी तो उचलला. भगवंतराव पोतं हातात धरून तसेच उभे.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ते किटलीत चहा घेऊन रोहिणखेडला गेले. उद्धव एका दाराच्या चौकटीवर रंधा मारत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"चहा घेशीन का, उद्धव?"

"ठेवा तिथी."

भगवंतराव बसायला वळले. ओंडका नव्हता. त्या जागी भुसा झाडून घेतलेला, जमीन साफ.

त्यांनी कप भरला, चौकटीच्या कडेला ठेवला. मग रंधा थांबेपर्यंत, हात मागे बांधून, उभे राहिले.