उसनं इंग्रजी

जेवणाचं टेबल पुसून झालं की घरातली नर्स विद्यार्थिनी व्हायची. नोकरी सांभाळून ती पदवी घेत होती आणि अभ्यास सगळा इंग्रजीत! रोज वॉर्डात जखमा बांधणाऱ्या या बाईला ‘जखमेची निगा’ या विषयावर चार ओळी लिहिताना घाम फुटायचा. मग तिने युक्ती काढली. पुस्तकातलं वाक्य घ्यायचं आणि एकेक शब्द शब्दकोशात बघून बदलायचा. ही चोरी आहे असं तिच्या मनातही आलं नाही. उलट, केवढी मेहनत केली याचाच अभिमान!

निबंध दिला आणि इंग्रजीच्या मॅडमचं बोलावणं आलं. त्यांच्यापुढे तिचा निबंध होता आणि शेजारी तेच पुस्तक.

“घर दुसऱ्याचं, रंग तेवढा तुम्ही दिलात,” मॅडम म्हणाल्या. “यालाच वाङ्मयचौर्य म्हणतात. मी हे वर पाठवलं तर तुमचं नाव कोर्समधून कमी होईल.”

नर्सच्या पायाखालची जमीन सरकली. “मॅडम, माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे हो! इतकं छान लिहून ठेवलेलं असताना मी वेगळं काय लिहिणार?”

“तुम्ही ड्युटीवर असता तेव्हा मुलांना कोण बघतं?”

“मोठ्या नणंदबाई.”

“आणि मुलांचं कुणी कौतुक केलं तर?”

“लगेच सांगते, ही सगळी वन्संची शिस्त. त्यांचं श्रेय मी कशी घेऊ? पाप लागेल!”

“मग ज्याने खपून हे पुस्तक लिहिलं, त्याचं नाव घ्यायला जीभ का अडखळते?”

खरंच की! हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

मॅडमनी पुस्तक मिटून ड्रॉवरमध्ये टाकलं. “आता जखमेची निगा कशी ठेवायची ते आपल्या भाषेत सांगा. नव्या नर्सला सांगाल तसं.”

आधी चाचरत, मग हात धुण्यापासून पट्टी बांधण्यापर्यंत नर्स घडाघडा बोलत सुटली. मॅडम हसल्या. “हेच लिहा, साध्या इंग्रजीत. मग पुस्तकाशी ताडून बघा. विचार ज्याचा, त्याचं नाव द्या. वाक्य जसंच्या तसं हवंच असेल, तर अवतरणचिन्हांत घाला. आठवडाभर वेळ देते.”

वन्संनी तो आठवडा मुलांना तिच्या टेबलाकडे फिरकूही दिलं नाही. नवा निबंध परत आला तो लाल शाईने रंगूनच. पण ती पास झाली होती! खाली मॅडमनी लिहिलं होतं, ‘चुका आहेत, पण तुमच्या आहेत. म्हणून सुधारता येतील.’

ती धावतच मॅडमच्या खोलीत गेली. “तुम्ही मला पकडलंत म्हणून मी वाचले,” एवढंच कसंबसं म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मंडळी, परकी भाषा शिकताना अडखळण्यात लाज कसली? आपल्याला साध्या शब्दांत लिहिता येतं, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगता येतं. संदर्भ देणं म्हणजे नुसता परीक्षेचा नियम नव्हे. ज्याने आपल्याला शिकवलं, त्याचे चारचौघांत मानलेले ते आभार आहेत.