शनिवारी चारची दवंडी

"शनिवारचं तेवढं गाळतो बाई," एवेलिओ म्हणाला. "बाकीचं सगळं सांगतो. घसा फाटेस्तोवर सांगतो."

मिलादिसबाईंनी हातातला खडू खाली ठेवला नाही. वाचनालयात दाराशेजारी लावलेल्या फळ्यावर त्या पुढचे कार्यक्रम लिहीत होत्या, आणि एवेलिओ नेहमीसारखा खांबाला टेकून ते पाठ करत होता. उद्या शनिवारी, दुपारी चार वाजता, बायकांचं शिवणकाम. सोमवारी लहान मुलांसाठी गोष्टी. मंगळवारी म्हाताऱ्यांचे डोळे तपासायला शहरातून डॉक्टर. बुधवारी बुद्धिबळ, गुरुवारी ढोलाचा वर्ग.

"शिवणकामानं तुझं काय घोडं मारलंय?" बाईंनी विचारलं.

"शिवणकामानं नाही हो. काय शिवणार आहात, त्यानं."

काय शिवणार होत्या ते अख्ख्या पुएर्तो आल्माग्रेला ठाऊक होतं. ज्या घरातलं माणूस नेलं गेलं आणि परत आलं नाही, त्या घरातल्या बाईनं त्या माणसाच्या जुन्या कपड्याचा तुकडा आणायचा, त्यावर त्याचं नाव शिवायचं. मग सगळे तुकडे जोडून एक मोठं कापड करायचं आणि ते वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर टांगायचं. नेणारे कोण, हेही गावाला ठाऊक होतं. त्यांचं नाव मात्र कुणी घेत नसे. नुसतं 'वरची मंडळी' म्हणायचे, कारण ती वरच्या रस्त्यानं आली होती. आता पेट्रोल पंप त्यांचा, बर्फाचा कारखाना त्यांचा आणि नदीवरची लाँचही त्यांचीच. ते कापड टांगलं की रोज जाता-येता त्यांना ते वाचावं लागणार होतं.

"नुबिया येणार आहे उद्या," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुझी बायको. तुला बोलली असेल."

बोलली नव्हती. पण परवा तिनं ट्रंकेतून मुलाचा, रुबिएलचा, निळा शर्ट काढून कात्री लावली, ते एवेलिओनं पाहिलं होतं. पाहूनही त्यानं कोंबड्यांना दाणे टाकायचं निमित्त काढलं आणि तो परसात निघून गेला.

एवेलिओ गावाचा दवंडीवाला. तीनचाकी मोटारसायकल, तिच्या टपावर दोन भोंगे आणि भोंग्यांपेक्षा दणकट गळा, एवढंच त्याचं भांडवल. ताजी मासळी आली, कुणाची शेळी हरवली, चर्चमधल्या मिस्साची वेळ बदलली, की एवेलिओला बोलावणं. वाचनालयाच्या दवंडीआधी तो अकॉर्डियनची एक उडती चाल लावायचा, म्हणजे पोरं ऐकूनच धावत यायची. मृत्यूची दवंडी वेगळी. चर्चची घंटा तडकल्यापासून तिच्या आवाजाची टेप त्याच्याचकडे होती. ती वाजली की गाव जागच्या जागी थांबायचं. दुकानदार फळ्या अर्ध्या लावायचे, पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढायचे. मग एवेलिओ नाव सांगायचा, वेळ सांगायचा आणि कोणत्या दारातून निघणार ते सांगायचा. या गावात लग्नाला एखादा रुसून घरी बसेल, पण दफनाला वैरीसुद्धा यायचा. न येणाऱ्याला पुढे कुणी पाणी विचारत नसे.

आणि एवेलिओचा एक नियम होता. त्या घरी जाऊन, कॉफी घेऊन, मृतदेह डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो घंटा वाजवायचा नाही. तरुणपणी एकदा ऐकीव बातमीवर त्यानं एका कोळ्याची दवंडी दिली होती. गाव फुलं घेऊन पोहोचलं तेव्हा कोळी नशा उतरून अंगणात बसला होता. त्यानं एवेलिओला तर चोपलंच, वर जमलेल्यांकडून फुलंही ठेवून घेतली. तेव्हापासून हा नियम. त्यामुळेच गावातल्या एकूण एक मेलेल्या माणसाचं नाव एवेलिओच्या तोंडून गेलं होतं, फक्त नेलेल्या माणसांचं नव्हतं, आणि रुबिएलचंही नव्हतं. रुबिएल भोंग्याचा एक सुटा भाग आणायला म्हणून लाँचनं शहराला निघाला आणि संध्याकाळी लाँच त्याच्याशिवाय परत आली. त्याला अकरा वर्षं झाली. देह पाहिला नाही, मग दवंडी कशी देणार?

"सगळं सांगायचं," बाई खडूची पूड झटकत म्हणाल्या. "नाहीतर काहीच नको सांगू."

एवेलिओ कुरकुरत निघाला. अकॉर्डियन वाजवत त्यानं बाजाराची गल्ली घेतली, मग नदीकाठ. गोष्टी, डोळे, बुद्धिबळ, ढोल, सगळं झोकात सांगायचा, आणि शिवणकाम आलं की नेमका खोकायचा. तळलेले मासे विकणारी कांदेलारिया झाऱ्या उगारून म्हणाली, "अरे ए, खोकला बरा रे शनिवारचं नाव आलं की येतो तुला!" आजूबाजूच्या बायका हसल्या. त्यालाही हसावं लागलं.

बर्फाच्या कारखान्यासमोर बदामाच्या झाडाखाली वरच्या मंडळींतला एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, शेजारी नवी कोरी मोटारसायकल. त्यानं हात वर केला आणि एवेलिओनं अकॉर्डियन बंद केलं.

"या काका, सावलीत या. उन्हाचं किती ओरडता!" त्यानं चिंचेच्या सरबताचा गार पेला पुढे केला. "आवाज काय आहे हो तुमचा! माझ्या आईनं ऐकला असता तर खूश झाली असती."

"तुमची कृपा," एवेलिओ म्हणाला. पेला त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला.

"एक दवंडी द्यायची होती. दफनाची."

"कोण गेलं?"

"मिलादिसबाई. वाचनालयातल्या."

"बाई? अहो, आत्ता तर मी त्यांच्याशी..."

"शनिवारी चार वाजता. वाचनालयाच्या दारातूनच निघणार म्हणा." तरुण अगदी मऊ आवाजात बोलत होता. "आज सांगून ठेवलं की बरं असतं, लोकांना फुलंबिलं आणायला वेळ मिळतो. आता बाई दुपारच्या लाँचनं कुठं गावाला गेल्या, वाचनालयाला कुलूप लागलं, तर मग दफन रद्द. आम्हाला तरी कुठं हौस आहे काका? मी इथंच थांबतो. दवंडी कानावर पडली की जाईन."

त्यानं रिकामा पेला एवेलिओच्या हातातून घेतला, खिशातल्या रुमालानं पुसला आणि सरबतवाल्याला आभार मानून परत दिला.

वाचनालयापर्यंत एवेलिओ कसा आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बाई पोरांच्या पेन्सिलींना टोकं करत होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाईंच्या हातातली पेन्सिल मोडली.

"मंगळवारी दाराखालून शोकपत्र आलं होतं," त्या म्हणाल्या. "काळ्या किनारीचं. वर माझंच नाव. मी म्हटलं, चला, छपाई तरी चांगली आहे." त्या हसायला गेल्या आणि रडू लागल्या. एवेलिओनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. कुठं बघावं ते न कळून तो पेन्सिलीचे छिलके गोळा करू लागला.

"लाँचनं जा बाई. हात जोडतो. जीव राहिला तर पुन्हा उघडता येईल."

"आणि कुलूप पाहून त्या बायका परत जातील. कपड्याचे तुकडे घेऊन. पुन्हा येतील त्या कधी?" बाईंनी एप्रनचं टोक पदरासारखं तोंडावरून फिरवलं. "नाही रे. घाबरलेय मी, खोटं कशाला बोलू. पण नाही जायची. तू दे दवंडी. तुला घर आहे, नुबिया आहे, मी तुला बोल लावणार नाही. खरं सांगू? शिवायला घाबरून कुणी येणारच नव्हतं. दफन म्हटलं की निदान गाव तरी येईल."

एवेलिओ छिलके गोळा करायचा थांबला. मग मुठीतले नीट कचऱ्याच्या डब्यात टाकून बाहेर पडला.

बर्फाच्या कारखान्यासमोर त्यानं गाडी उभी केली आणि घंटेची टेप लावली.

रस्ता थांबला. दुकानांच्या फळ्या ओढल्या गेल्या, कारखान्यातले हमाल दारात आले, त्यांनी टोप्या काढून छातीशी धरल्या. बदामाखालचा तरुण मोटारसायकलला टेकून समाधानानं ऐकत होता. परका होता बिचारा, त्याला वाटलं दवंडी म्हणजे नुसता निरोप. एवेलिओनं माईक तोंडाशी नेला.

"दुःखद निमंत्रण. उद्या शनिवारी, दुपारी चार वाजता, सार्वजनिक वाचनालयाच्या दारातून..." त्यानं डोळे मिटले. "रुबिएल आंतोनिओ. एवेलिओ आणि नुबियाचा मुलगा. वय वर्षं एकोणीस. आईवडील सर्वांना दफनाला बोलावत आहेत. कुणी मागे राहू नये."

आयुष्यभराचा नियम त्यानं मोडला होता. देह पाहिला नव्हता, कॉफी घेतली नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी मोठं हलकं वाटत होतं. तरुण आता टेकलेला नव्हता, ताठ उभा होता. एवेलिओनं त्याच्याकडे पाहिलं नाही. गाडी चालू करून तो पुढच्या कोपऱ्यावर गेला आणि पुन्हा घंटा वाजवली.

कांदेलारिया रस्त्याच्या मधोमध उभी होती. हात पिठानं माखलेले, चेहरा पांढराफटक.

"माझ्या माणसाचं पण घाल," ती म्हणाली.

"कांदेलारिया, मागं बघ. तो येतोय."

"येऊ दे. विल्मरचं नाव घाल. आणि नीट घाल, खोकू नकोस."

त्यानं विल्मरचं नाव घातलं. त्यापुढच्या दारात एक म्हातारी काठी टेकत आली, तिनं दोन मुलगे सांगितले. नदीकाठच्या घरांत तर त्याला विचारावंच लागलं नाही. घंटा ऐकून लोक दाराशी येऊन थांबत होते, गाडी जवळ आली की पुढे होऊन कानात नाव सांगत होते, आणि एवेलिओ प्रत्येक कोपऱ्यावर आधीची सगळी नावं म्हणून त्यापुढे नवं जोडत होता. पाठांतर त्याचं पक्कं. एकही नाव सुटलं नाही. इस्त्रीच्या शर्टवाल्याची मोटारसायकल मात्र शेवटच्या घरापर्यंत मागोमाग येत होती, अगदी संथ, पुढे न जाता.

दिवस मावळता मावळता तो घरी आला. नुबिया अंगणात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कॉफीचा कप त्याच्या हातात दिला. "घरी येऊन कॉफी प्यायची राहिली होती ना तुझी," ती म्हणाली.

शनिवारी चारला दुकानं अर्धी बंद झाली. गाव आलं. घाबरत आलं, एकमेकांच्या आडून आलं, पण दफनाला न येणं कुणाला जमलं नाही. कारखान्यातले हमाल अंघोळ करून आले. पाद्री आले आणि पवित्र पाणी कशावर शिंपडायचं ते न कळून कोपऱ्यात उभे राहिले. शवपेटी नव्हतीच. लांबलचक टेबलावर कपड्यांचे तुकडे होते. लोकांनी आणलेली फुलं त्याच्या कडेनं ठेवली आणि बायका सुया काढून बसल्या. मिलादिसबाई दारात उभ्या राहून प्रत्येकाला या म्हणत होत्या. त्यांनी आज ठेवणीतला पांढरा पोशाख घातला होता, त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

समोरच्या बाजूला मोटारसायकली येऊन लागल्या. एक, मग आणखी. त्यांच्यावर बसलेल्यांत गावातलाच एक जण होता. दारापुढची फुलं पाहून सवयीनं त्यानं टोपी काढली. इस्त्रीच्या शर्टवाल्यानं नुसती मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

आत एवेलिओ नुबियाशेजारी बसला होता. निळ्या तुकड्यावर पहिलं अक्षर त्याचं, बाकीची तिची, असं ठरलं होतं. जाड बोटांत सुई राहत नव्हती.

बाहेरून धातू वाकल्याचा आवाज आला. मग दगडावर काहीतरी जड आपटलं, आणि पुन्हा एकदा. टेबलाभोवतीच्या सगळ्या सुया थांबल्या.

"एवेलिओ," कांदेलारिया हळूच म्हणाली, "तुझे भोंगे."

"कळलं."

तो उठला नाही. बाई दारातून आत आल्या. त्यांनी खडू घेतला, फळ्यावरचं शनिवारचं पुसलं आणि बाकीचं तसंच ठेवलं.

"सोमवारी मुलांच्या गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "कळवायला हवं घरोघर."

"तोंडानं सांगेन," एवेलिओ म्हणाला. "चालत जाईन."

बाहेर मोटारसायकली सुरू झाल्या. त्या निघून चालल्या होत्या की जवळ येत होत्या ते आतून समजत नव्हतं.

"दोरा संपला तुझा," नुबिया म्हणाली. "ओव ना."

त्यानं दोऱ्याचं टोक ओलं केलं. ते सुईच्या भोकातून जाईना, म्हणून तिनं त्याचं मनगट धरलं.